डोळे मिटलेल्यांची खोली

पेणजवळच्या जोह्यातल्या ज्या खोलीत मी राहते, तिथे माझ्याआधी गणपती राहत होते. एखाददुसरा नाही, पन्नास-साठ. अजूनही दरवर्षी ते राहायला येतात. ते आले की मी माझी वळकटी भिंतीला सरकवते आणि मधली जागा त्यांना देते. ते गेले की पुन्हा पाय पसरते.

वाचणाऱ्याला वाटेल, बाई रंगवून सांगते. रंगवायचंच काम करते म्हणा, पण हे आहे तसंच आहे.

माझं गाव इथून फार लांब, चंद्रपूरच्याही पलीकडे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी लहान पोरांचे लाकडाचे. बैलाला खाली चाकं, गळ्यात दोरी. पोरं तो ओढत घरोघर नेतात. माझा बाप सुतार, तो हे बैल घडवायचा. मी नववीत असताना आरायंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पटाशी त्यानं हळूहळू डाव्या हातानं धरायला शिकून घेतली, पण डोळे रंगवायला लागणारा स्थिर हात काही परत आला नाही. ते काम माझ्याकडे आलं आणि शाळा सुटली. कोणी काढलं नाही मला. पोळ्यापर्यंत एवढे बैल डोळ्यांवाचून उभे होते की शाळेत जाणार कधी? आणि पोळा झाल्यावर परत वर्गात जाऊन बसायची लाज वाटली.

पुढे गावातल्या एका बाईच्या ओळखीनं रोह्याला कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. आम्ही पोरी ठेकेदाराच्या खोलीत राहायचो, नदीपलीकडच्या अष्टमी गावात. तिथून कुंडलिकेच्या पुलावरून चालत यायचं आणि कंपनीची गाडी धरायची. भर उन्हाळ्यात ती नदी भरून वाहताना पाहिली तेव्हा मी पुलावर थांबले होते. आमच्याकडे मे महिन्यात नदीत पोरं क्रिकेट खेळतात. मला वाटलं, जिथे उन्हाळ्यातसुद्धा नदीला काही कमी पडत नाही, तिथे मलाही थोडीशी जागा मिळेल.

कंपनीतली एक मैत्रीण जोह्याची होती. एका सुट्टीला ती मला घरी जेवायला घेऊन गेली. एसटी पेणवरून पुढे गेली, हायवे सुटला, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेड दिसायला लागल्या. शेडमध्ये गणपती. पांढरे, बिनरंगाचे, रांगेमागे रांग, पार आतल्या अंधारापर्यंत. पडवीत गणपती, जिन्याखाली गणपती, गोठ्यात म्हशीच्या बाजूला गणपती. मी आयुष्यात एका वेळी एक देव बघितलेला. मी खिडकीला तोंड लावून बसले ते मैत्रिणीनं खांदा हलवेपर्यंत.

‘‘उतर गो. घर आला.’’

‘‘एवढे सारे?’’ मी विचारलं.

‘‘एवढेच नाय. आत अजून हायत.’’ ती असं बोलली जसं कोणी कांदे-बटाट्याबद्दल बोलावं.

त्या दिवसापासून माझं पॅकिंगमधलं लक्ष उडालं. खोक्याला चिकटपट्टी लावताना मला ते चेहरे दिसायचे. सगळं होतं त्यांना, सोंड, दात, सुपासारखे कान. फक्त डोळे नव्हते.

उन्हाळ्याच्या शेवटाला आमचं कंत्राट संपलं. ठेकेदारानं सांगितलं, रविवारपर्यंत खोली रिकामी करा. बाकीच्या पोरी आपापल्या गावी निघाल्या. मी जोह्याला गेले, मैत्रिणीनं दाखवलेल्या एका कारखान्यात. इथे मूर्तींच्या शेडला कारखानाच म्हणतात. तिथले मालक पन्नाशीचे, बनियनवर रंगाचे शिंतोडे, कानावर पेन्सिल. मी म्हटलं, मला डोळे काढता येतात. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक सोंड तुटलेली मूर्ती पुढे ठेवली आणि हातात बारीक ब्रश दिला.

मी काढले. माझ्या मते चांगले काढले.

त्यांनी मूर्ती उजेडात धरली. मग हसू दाबत बाजूच्या कारागिराला दाखवली. ‘‘हात चांगला हाय गो तुझा. पन हा बैल हाय. चारा मागतोय.’’

सगळी शेड हसली. मालकांनी मूर्ती खाली ठेवली आणि आवाज बदलून म्हणाले, ‘‘देव काय मागत नाय. देव बघतो. ते शिकावं लागेल. शिकवीन मी. गनपतीपर्यंत ऱ्हायली तर आखनी हातात बसेल तुझ्या.’’ डोळे काढण्याला इथे आखणी म्हणतात.

‘‘राहते,’’ मी लगेच म्हटलं.

‘‘कुठं ऱ्हाशील? पोरं हितं शेडमधी झोपतात. तुला हितं ठेवता येनार नाय. खोली बघ, नि मंग ये.’’

म्हणजे सगळं खोलीवर आलं. खोली मिळाली तर शिकायला मिळणार, नाही तर रविवारी चंद्रपूरची गाडी. आणि गावी परत गेले असते तर कोणी मला पुन्हा इतकं लांब सोडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी आधी पेणमध्ये शोधलं, कारण जोह्याला एसटी तिथूनच जाते. रामवाडीत एकजण खोल्या दाखवायचं काम करायचा. त्यानं दोन घरं दाखवली. पहिल्या घरच्या बाईनं दार अर्धंच उघडलं.

‘‘नवरा काय करतो?’’

‘‘नाही.’’

‘‘काय नाही? काम नाही का नवरा नाही?’’

‘‘नवरा नाही.’’

‘‘मंग राहनार कोन?’’

‘‘मीच.’’

‘‘एकटी?’’ असं म्हणून तिनं माझ्या मागे कोणी लपलंय का ते पाहिलं. दुसऱ्या घरी गोड बोलून, पाणी देऊन नाही म्हणाले. मी त्या पाण्याबद्दलही आभार मानले. भीती वाटली की मी फार आभार मानते, ही माझी खोड आहे.

परत एजंटच्या टपरीशी आले तर तिथे बाकावर एक मुलगी बसलेली. सावळी, कुरळ्या केसांची, मांडीवर जाडजूड फाइल. एजंट कोणाला तरी फोनवर सांगत होता, ‘‘अहो, चांगली मुलगी हाय. मुंबईच्या कॉलेजात शिकते. हां, बाहेरची हाय, पन कागद सगळे... ठेवला फोन.’’ त्यानं फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘या. तुमी एकाच बाकावर बसा. तुमच्याकडं ना नवरा ना कागद, म्हनून खोली नाय. हिच्याकडं एवढे कागद हायत की मालक बघूनच घाबरतात.’’

मुलगी श्रीलंकेची होती. मूर्तिकला शिकायला मुंबईला आलेली. गणपतीचे डोळे कसे काढतात यावर तिला अभ्यास लिहायचा होता, त्यासाठी पार चतुर्थीपर्यंत जोह्यात राहायचं होतं. पण परदेशी माणूस ठेवायचा तर घरमालकाला पोलीस ठाण्यात कळवावं लागतं, आणि पोलीस शब्द ऐकला की लोक दार लावून घेत होते. हे सगळं तिनं मला वसतिगृहात शिकलेल्या हिंदीत सांगितलं. माझी हिंदीही तशीच. दोन लंगड्यांनी एकमेकींना धरून चालावं तसं आमचं बोलणं चाललं.

‘‘कमरा नहीं मिला तो?’’ मी विचारलं.

‘‘वापस. दूसरा सब्जेक्ट लेना पड़ेगा.’’ तिनं फाइल छातीशी धरली. ‘‘तुम?’’

‘‘वापस.’’

दोघींनाही एकाच शब्दाची धास्ती. मग आम्ही एकत्रच उठलो आणि जोह्याच्या एसटीत बसलो.

जोह्यात काय झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. पहिल्याच घरी विचारलं, खोली आहे का? बाई म्हणाली, ‘‘हाय की.’’ आमचे चेहरे फुलले. ‘‘पन भाडेकरू हाय आत.’’ तिनं दार ढकलून दाखवलं तर आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपती. दुसऱ्या घरी तेच. कारखान्यात जागा पुरत नाही म्हणून सगळे मालक गावातल्या खोल्या भाड्यानं घेतात आणि मूर्ती तिथे ठेवतात. देव वेळेवर भाडं देतो, भांडत नाही, पाणी सांडत नाही, रात्री उशिरा येत नाही. कोण माणसाला ठेवणार? तिसऱ्या घरच्या ओटीवर एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी आम्हाला उन्हात फिरताना पाहिलं असावं. न विचारताच म्हणाले, ‘‘गनपती गेल्यावर या. तवर या गावात मानसाला जागा नाय.’’

मी हे तिला हिंदीत सांगितलं. तिला राग यायला हवा होता. ती उभ्या उभ्या हात जोडून हसायला लागली. ‘‘कितना अच्छा गाँव है,’’ ती म्हणाली.

मला तेव्हा ते पटलं नाही. पायात चप्पल तापलेली, पोटात काही नाही, आणि रविवार जवळ आलेला.

गावाच्या टोकाला शेतं सुरू होतात तिथे एक बाई भाताच्या रोपांसाठी जमीन भाजत होती. पालापाचोळा, शेण पसरून ते पेटवतात, त्याला राब म्हणतात. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हात कोपरापर्यंत काळे. आम्हाला बघून तिनं काठी जमिनीत रोवली.

‘‘कोन गो तुमी? मघापास्नं बघते, घराघरात डोकावताय. सेन्सस हाय का पोलिओ?’’

‘‘खोली पाहून राहिलो,’’ मी म्हटलं.

‘‘पाहून राहिलो? ही कुठली भाषा?’’

‘‘चंद्रपूरकडची.’’

‘‘आनि ही?’’

‘‘श्रीलंकेची.’’

बाईनं तोंडावर काळा हात ठेवला, त्याचा ठसा उठला. ‘‘अगो बाय! लंकेत तर म्हनं घरं सोन्याची. आनि तू हितं पत्र्याखाली जागा शोधतेस?’’

मी भाषांतर केलं. श्रीलंकेच्या मुलीनं सांगितलं, सोन्याच्या घरांचं भाडं परवडलं नाही. बाई एवढी हसली की धुरानं तिला ठसका लागला. ठसका थांबल्यावर तिनं विस्तवावर नीट माती ओढली आणि म्हणाली, ‘‘चला. दाखवते. मिलेल असं नाय सांगत. दाखवते.’’

तिला पुढे आम्ही काकी म्हणायला लागलो, म्हणून इथूनच काकी म्हणते. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नागोठण्याला. पुढच्या खोलीत काकी राहायची, मागची खोली आमच्याच त्या कारखान्याच्या मालकांना भाड्यानं दिलेली. मागच्या खोलीला अंगणातून वेगळं दार. काकीनं कडी काढली.

खिडकीतून उन्हाचा एकच पट्टा आत पडला होता. त्यात पांढऱ्या चेहऱ्यांची एक रांग उजळलेली, बाकीचे मागे सावलीत. कोणी हाताएवढा, कोणी माझ्या कमरेएवढा. कुणालाच डोळे नव्हते, आणि तरी मला वाटलं, दार उघडल्याचं सगळ्यांना कळलंय. आम्ही चपला काढल्या.

‘‘भिंतीकडं दोघींची वळकटी मावेल,’’ काकी हळू आवाजात म्हणाली. ‘‘मालकाला इचारीन, तो नाय म्हननार नाय. पन माझ्या सासूची एक रीत हाय. बाकी गावात कोन पालत नाय, मला हसतात, हसूं दे. डोले मिटलेले तवर ही मूर्ती म्हनजे माती. तिच्याबाजूला झोपा, बसा, काय नाय. पन खोलीतल्या शेवटच्या मूर्तीचे डोले उघडले, की त्या दिसापास्नं ही खोली देवाची. गाडी येऊन देव जाईस्तवर हितं कोनी पाय पसरायचे नाय. मी माझ्या सख्ख्या भावाला बाहेर झोपवलंय.’’

मी हे हिंदीत सांगायला लागले. श्रीलंकेच्या मुलीनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ती उंबऱ्याबाहेरच खाली बसली, गुडघ्यांवर. मग हळूहळू सांगू लागली, आणि मी वाक्यावाक्याला थांबवून काकीला मराठीत सांगितलं. तिच्या देशात देवळात बुद्धाची मूर्ती करतात तेव्हाही डोळे शेवटी काढतात. काढणारा मूर्तीकडे पाठ करतो. हातात आरसा धरतो, आणि आरशात बघून ब्रश मागे नेऊन डोळे काढतो. कारण उघडणाऱ्या डोळ्यांची पहिली नजर माणसाला सोसत नाही.

काकी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ‘‘मंग तो काढनारा घाबरतो का?’’

‘‘हाँ,’’ मुलगी म्हणाली. ‘‘बहुत.’’

‘‘घाबरायलाच पायजे.’’ काकीनं टॉवेल सोडला, तोंड पुसलं. एवढ्या लांबून, समुद्र ओलांडून आलेल्या मुलीला तिच्या सासूची रीत समजावून सांगावी लागली नव्हती. ‘‘सामान कुठाय तुमचं?’’ तिनं विचारलं.

मालकांनी कॉलेजचं पत्र घेऊन पोलीस ठाण्यात कळवलं. रविवारी मी अष्टमीची खोली सोडली आणि पूल शेवटचा ओलांडला. हातात एक पिशवी, एक वळकटी.

त्या खोलीतल्या सकाळी मी कधी विसरणार नाही. उजेड आधी खिडकीकडच्या मूर्तींच्या मुकुटांवर यायचा, मग कपाळावर, मग सोंडेवर उतरायचा, आणि एकेक रांग मागे मागे उजळत जायची. मी अंथरुणात पडून बघायची. डोळे नव्हते, पण कान होते ना, म्हणून मी हळूच त्यांना काहीबाही सांगायची. बापाच्या हाताचं. आज ब्रश हलला नाही पाहिजे याचं. श्रीलंकेची मुलगी तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. मी तिला कधी विचारलं नाही. गणपतीला दोन्ही कळत असणार.

पाऊस सुरू होऊन जुना झाला. काकीची लावणी झाली. आम्ही दोघीही दोन दिवस तिच्याबरोबर चिखलात उतरलो आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. ‘‘लंकेवाली रोप सरळ लावते. तू का गो असं लावतेस, दारू प्यायल्यासारखं?’’ आमच्या खोलीतले गणपती हळूहळू बदलत होते. कारागीर येऊन अंगाचा रंग देऊन गेले. मग पीतांबर पिवळे झाले, शेले लाल झाले. रोज कामावरून आलो की खोली आणखी भरल्यासारखी वाटायची, मूर्ती तेवढ्याच असूनही.

आणि मी शिकत होते. आखणी सुरू झाली की कारखान्यात कोणी मोठ्यानं बोलत नाही, रेडिओसुद्धा बंद. आधी पांढरा, मग वरच्या पापणीची रेघ, मग तपकिरी, मग काळं बुबुळ, आणि सर्वांत शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत डोळा नुसता रंग असतो. मालक म्हणायचे, ‘‘एक डोला कोन बी काढील. दुसऱ्यानं त्याच्याबरोबर बघितलं पायजे.’’ माझे कितीतरी दुसरे डोळे पुसले गेले. श्रीलंकेची मुलगी बाजूला बसून सगळं चित्रात उतरवायची. मी पुसताना तीही खोडरबर घ्यायची.

मग एक दिवस असा आला की मी काढलेल्या मूर्तीपुढून मालक डावीकडे गेले, उजवीकडे गेले, मग खाली वाकले. मी विचारलं, ‘‘बैल?’’

‘‘नाय,’’ ते म्हणाले. ‘‘बघतोय.’’

मी ब्रश पुसून ठेवला. लगेच पुढचं वाक्य आलं, ‘‘उद्यापास्नं काकीकडची खोली घे. तिथली आखनी तूच कर.’’

एवढा मान मला कोणी दिला नव्हता. पण मी काढत जाणार त्या प्रत्येक डोळ्यानं आमची खोली कमी होणार होती. गाड्या चतुर्थीच्या थोड्या आधी येतात. मधल्या दिवसांत आम्ही जाणार कुठे? गावात एक कोपरा रिकामा नव्हता. उलट आणखी मूर्ती उतरत होत्या. श्रीलंकेच्या मुलीला सांगितलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. तिचा अभ्यास पुरा व्हायला चतुर्थीच हवी होती. मग म्हणाली, ‘‘तुम आँख अच्छी बनाओ. धीरे मत बनाना.’’ माझ्या मनात हळू काढायचंच आलं होतं. तिला कसं कळलं कोण जाणे.

मी रोज पहाटे उठून स्वतःच्याच खोलीत काम सुरू करायची. मागच्या रांगेपासून दाराकडे येत होते. ज्या रांगेचे डोळे व्हायचे तिच्यावर काकी संध्याकाळी तिचं जुनं, धुतलेलं लुगडं पांघरायची. खोलीच्या एका बाजूला पांघरलेले, दुसऱ्या बाजूला मिटलेले, आणि आमच्या वळकट्या दिवसागणिक मिटलेल्यांच्या बाजूला सरकत होत्या. काकी हे सगळं बघायची, पण जायचं कधी ते काही बोलायची नाही. मीही विचारायची नाही. विचारलं आणि उत्तर आलं तर?

शेवटच्या दिवशी दाराजवळची रांग उरली होती. काकी शेतात गेली नाही, उंबऱ्यात बसून शेंगा सोलत राहिली. श्रीलंकेची मुलगी भिंतीशी तिची बॅग भरत होती, आवाज न करता. मी एकेक मूर्ती पुढे घेत होते. ठिपका पडला की प्रत्येकजण जागा व्हायचा, आणि मला आनंद व्हायचा नि रडूही यायचं, आणि ब्रश थरथरू नये म्हणून मी दोन्ही गिळायची.

शेवटचा एक राहिला. अगदी छोटा, वीतभर. दाराच्या मागे होता म्हणून सगळ्यांच्या शेवटी आला. मी त्याला मांडीजवळ घेतलं, पांढरा रंग ब्रशला लावला.

‘‘तो ऱ्हाऊ दे,’’ काकी म्हणाली.

मला वाटलं तिला मूर्ती पाटावर घ्यायची असेल. ‘‘हा शेवटचा आहे काकी. एवढा झाला की झालं.’’

‘‘म्हनूनच सांगते, ऱ्हाऊ दे.’’ ती शेंगांकडेच बघत होती. ‘‘तो मी मालकाकडून घेतलाय. माझ्या घरचा हाय. घरच्या गनपतीचे डोले आदल्या दिवशी काढले तरी चालतात.’’

‘‘पण काकी, रीत...’’

‘‘काय रीत? शेवटचे डोले उघडले की खोली देवाची. हा मिटलेला हाय का उघडलेला?’’

‘‘मिटलेला.’’

‘‘मंग शेवटचे उघडले का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग?’’ तिनं टरफलं पदरात गोळा केली आणि उठली. ‘‘सासू माझी कडक व्हती. पन मोजता येत व्हतं तिला. लंकेवालीला सांग, बॅग खोल. कपडे चुरगळतील.’’

मी ब्रश बाजूला ठेवला. हिंदीत कसं सांगावं ते सुचेना. पण मुलीनं काकीचा चेहरा आणि त्या छोट्या मूर्तीचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. तिनं बॅगेतून पहिल्यांदा जे काढलं ती तिची चादर-उशी नव्हती. एक रुमाल होता. तिनं तो त्या छोट्या गणपतीखाली घडी करून ठेवला, जमीन ओली होती म्हणून.

त्यानंतरचे दिवस तो आमच्या उशाशी राहिला. लुगड्याखाली पन्नास-साठ जागे देव, आणि एक हा, डोळे मिटून आमच्यासाठी थांबलेला. रात्री पाय पसरताना मी आधी त्याच्याकडे बघायची. एवढासा तो, आणि त्याच्या जोरावर आम्ही दोघी आत होतो.

गाड्या आल्या. मूर्ती गवताच्या बिछान्यावर बसून मुंबईला गेल्या. खोलीच्या जमिनीवर पाटांचे गोल आणि चौकोनी पांढुरके ठसे तेवढे राहिले. मध्ये तो एकटा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी काकी न्हाऊन, नवी साडी नेसून आली. हातात तिच्या कपाटाचा आरसा. ‘‘लंकेवालीला इचार,’’ ती मला म्हणाली, ‘‘तिच्या गावची रीत कशी ती. पाठ करून नको काढूस, बैल व्हईल. पन आरसा धरू देत.’’

मग आम्ही असं केलं. छोटा गणपती पाटावर. मी त्याच्यासमोर. माझ्या खांद्यावरून श्रीलंकेच्या मुलीनं आरसा धरला, त्याचा चेहरा त्यात दिसेल असा, म्हणजे उघडताना तो पहिल्यांदा स्वतःला बघेल. माझा हात स्थिर होता. बापानं हे बघायला पाहिजे होतं, असं तेवढ्यात मनात येऊन गेलं.

पांढरा, रेघ, तपकिरी, काळं. मग ठिपका. मग दुसरा ठिपका.

बाहेर कुठेतरी कोणी ढोलकी लावून बघत होतं, ती थांबली, किंवा मला तसं वाटलं. त्यानं बघितलं. मी आधी आणि नंतर पुष्कळ डोळे काढले, पण डोळे उघडणं म्हणजे काय ते मी त्या सकाळी पाहिलं. मी ब्रश खाली ठेवला आणि मागे सरकले. एवढ्याशा जिवापुढे जवळ बसायचा धीर होईना.

काकीनं हात जोडले. मग म्हणाली, ‘‘शेवटचे डोले उघडले. आता खोली देवाची.’’

मला माहीत होतं हे येणार. मी वळकटीकडे हात नेला.

काकीनं वाकून गणपती उचलला, पदराच्या टोकानं त्याला सावली केली, आणि अंगणातून तिच्या पुढच्या खोलीकडे चालू लागली. दारात वळून म्हणाली, ‘‘देव तर माझ्याकडं चालला. मागं कोन उरलं? तुमीच ना? मंग झाडून घ्या आधी. किती गो ते पांढरं!’’

श्रीलंकेची मुलगी विसर्जन बघून मुंबईला गेली, आणि पुढच्या वर्षी तिच्या देशात. तिथल्या एका देवळात मूर्तीचं काम करते. कधीतरी फोन करते, पहिल्यांदा काकीला विचारते. मी इथेच आहे. आता आखणीच्या दिवसांत मालक मला सकाळी चहा स्वतः आणून देतात आणि बोलत नाहीत.

यंदाही खोली भरली आहे. मूर्ती उतरवून घेताना कारागीर पोरं विचारत होती, कुठली कुठे ठेवायची. मी सांगणार त्याआधी काकी शेतावरून आली, चिखलाच्या पायानं उंबऱ्यातच थांबली, आणि बोटानं दाखवलं. सगळ्यात छोटी मूर्ती तिनं दाराच्या मागे ठेवायला लावली.